बाकूतला पुतळा आणि बंद पडलेलं साप्ताहिक

पुतळा म्हटलं की डोळ्यापुढे घोड्यावरचा राजा येतो, नाहीतर हात उंचावलेला नेता. पण अझरबैजानच्या राजधानीत, बाकूमध्ये, जुन्या शहराच्या तटबंदीला लागून एक बाग आहे आणि तिथे बसलाय एक टवाळखोर कवी. मिर्झा अलेकबर साबिर. बागेलाही त्याचंच नाव.

साबिरचा जन्म १८६२ चा, शमाखी गावचा. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं. घरात मुलींचा मोठा परिवार आणि कमाई बेताची. हा माणूस पोटासाठी साबण बनवून विकायचा. १९०६ मध्ये जलील मम्मदगुलुझादे यांनी तिफ्लिस शहरातून 'मोल्ला नसरेद्दीन' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक सुरू केलं आणि साबिरला त्याची जागा सापडली. तो टोपणनावांनी लिहायचा. त्यातलं एक 'होपहोप', म्हणजे हुदहुद पक्षी. ही काही हौस नव्हती. खरं नाव उघड झालं असतं तर गावात राहणं अवघड होतं.

त्याची पद्धत भारी होती. तो स्वतः कुणाला शिव्या द्यायचा नाही. ज्याची खोड मोडायची त्यालाच बोलायला लावायचा. मुलाला शाळेत घालायला नको म्हणणारा बाप, मजुराला तुच्छ समजणारा श्रीमंत, धर्माच्या नावावर दुकान चालवणारा, सगळे आपल्याच तोंडाने उघडे पडायचे. त्याच्या कविता सीमा ओलांडून इराणमध्ये पोचल्या. तिथे तेव्हा राज्यघटनेसाठी चळवळ चालू होती.

१९११ मध्ये यकृताच्या आजाराने साबिर गेला, वय फक्त ४९. हयातीत एकही कवितासंग्रह नाही. 'होपहोपनामे' आलं १९१२ मध्ये, तो गेल्यावर.

आता खरी गंमत पुढे आहे. १९२० मध्ये बाकूत सोव्हिएत सत्ता आली आणि १९२२ मध्ये तिने साबिरचा पुतळा उभारला. झार, जमीनदार, मुल्ला यांच्यावर कोरडे ओढणारा कवी नव्या सरकारला सोयीचाच होता. त्याच वर्षी 'मोल्ला नसरेद्दीन'ही बाकूतून निघू लागलं. पण १९३१ मध्ये ते कायमचं बंद झालं. पुतळा मात्र जागेवरच. पुढे स्टालिनच्या काळात मिकाईल मुश्फिग या तरुण कवीला अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. हुसेन जाविद यांना सैबेरियात पाठवलं, तिथेच ते वारले. नंतर १९५८ मध्ये जुन्या पुतळ्याच्या जागी शिल्पकार जलाल गार्यागदी यांनी केलेला नवा पुतळा बसवला. तोच आज दिसतो.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाकूच्या खाडीवर नजर ठेवून उभा असलेला किरोव या कम्युनिस्ट पुढाऱ्याचा अवाढव्य पुतळा हटवला गेला. साबिर राहिला. राज्यं बदलली तरी त्याला हलवावं असं कुणाला वाटलं नाही, कारण त्याने नावं ठेवलेली माणसं प्रत्येक राज्यात आजूबाजूलाच असतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. मेलेल्या टवाळखोराला हार घालणं कुठल्याही सत्तेला परवडतं. तो कालच्या लोकांना हसत असतो ना! आज लिहिणाऱ्याला टोपणनाव घ्यावं लागतं का, त्याचा अंक निघत राहतो का, हे आधी बघावं. पुतळ्याचं मोजमाप त्यानंतर.