बिट शून्य नक्की कुठल्या टोकाला?

एकदा 'पंचवीस' म्हणून बघा. तोंडातून आधी पाच येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. आपलं यात कधी अडत नाही, कारण बोलायचा आणि लिहायचा क्रम लहानपणीच डोक्यात बसलाय. कॉम्प्युटरवाल्यांचं मात्र नेमकं इथेच अडलं.

१९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. तिच्या मॅन्युअलमध्ये बिट डावीकडून मोजलेत, म्हणजे बिट शून्य सगळ्यात मोठ्या किमतीचा. १९७० मध्ये डेक कंपनीचा पीडीपी-११ आला, त्यात बिट शून्य उजवीकडे, सगळ्यात लहान किमतीचा. मला ही दुसरी पद्धत जास्त पटते, कारण बिटाचा नंबर हाच २ चा घात होतो. बिट ३ म्हणजे ८, विषय संपला. पण मशीन एकमेकांना जोडायची वेळ आली की पंचाईत. 'बिट शून्य एक करा' एवढंच वाचून दोन इंजिनिअर दोन वेगळ्या टोकांना हात घालणार!

तोच घोळ बाइट्सचा. मोठी संख्या पाठवताना मोठ्या किमतीचा बाइट आधी की लहान? १ एप्रिल १९८० ला (हो, तारीख मुद्दाम!) डॅनी कोहेन यांनी यावर एक टिपण लिहिलं. अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून गलिव्हरच्या गोष्टीत लढाई होते ना, तिथूनच त्यांनी बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन ही नावं उचलली. त्यांचं म्हणणं साधं होतं: कुठलाही एक क्रम घ्या, पण सगळ्यांनी तोच घ्या.

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९१ आला, इंटरनेट प्रोटोकॉलचा मूळ दस्तऐवज. त्यात पॅकेटचं हेडर अधिक, वजा आणि उभ्या रेघांनी काढलंय. एका ओळीत ३२ बिट, वर ० ते ३१ आकडे. शेवटाकडच्या परिशिष्टात चक्क लिहिलंय की इंग्रजी वाचतो त्या क्रमाने बाइट पाठवायचे, आणि डावीकडचा बिट शून्य सगळ्यात मोठा. सोबत उदाहरण: १०१०१०१० म्हणजे १७०. पीडीपी-११ च्या सवयीने डावीकडच्या बिट शून्याला लहान धरलं, तर तेच चित्र ८५ होतं. शिवाय तिथे बाइट न म्हणता 'ऑक्टेट' म्हटलंय, कारण तेव्हा बाइट ८ बिटांचाच असेल याची खात्री नव्हती. पीडीपी-१० च्या ३६ बिटांच्या वर्डमधून तर हव्या त्या लांबीचा बाइट काढता यायचा.

गंमत म्हणजे तुमच्या फोनमधला प्रोसेसर आज लिटल-एंडियन पद्धतीने चालतो आणि नेटवर्क अजूनही बिग-एंडियन. त्यामुळे पोर्ट नंबर बाहेर पाठवण्याआधी त्याचे दोन बाइट उलटवावे लागतात. सी भाषेत त्यासाठी एचटीओएनएस नावाचं फंक्शन आहे. ते राहून गेलं, तर तुमचं अ‍ॅप पोर्ट ४४३ ऐवजी ४७८७३ चं दार ठोठावत बसतं.