जामीनदाराचे राज्य

मराठी सत्तेच्या अस्ताचा विषय निघाला की आपल्यासमोर खडकी, कोरेगाव, आष्टी ही रणांगणेच उभी राहतात. आम्हां साहित्याच्या अध्यापकांवर तर बखरींचा संस्कार; तेथे राज्य जाते ते तलवारीने किंवा फितुरीने. बडोद्याच्या गायकवाडांचे स्वातंत्र्य मात्र मुख्यत्वे जमाखर्चाच्या वहीतून गेले.

१८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले आणि दुर्बल मनाचे आनंदराव गादीवर आले. खर्च उत्पन्नाहून अधिक होता, शिबंदीतील अरबांचे पगार थकले होते. पैसा पुरवीत ते बडोद्यातलेच सावकार. हरिभक्ती, सामळ बेचर यांच्या पेढ्या प्रसिद्ध होत्या. दरबाराच्या नुसत्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून कर्जाला अरब जमादार जामीन राहत. ज्यांच्या पगारापायी कर्ज वाढत होते, तेच त्या कर्जाचे हमीदार!

१८०२ मध्ये दिवाण रावजी आपाजी यांनी मुंबईकर इंग्रजांचे साहाय्य घेतले. रेसिडेंट मेजर वॉकर यांच्या देखरेखीखाली अरबांची थकबाकी भागवून त्यांना दूर करण्यात आले. त्यासाठी सावकारांनी पुन्हा पैसा दिला, पण आता जामीन राहिली कंपनी.

आमच्या मते खरे वळण येथे आहे. नवी मुंबईतल्या आमच्या विद्यार्थ्यांना 'जामीनदार' भेटतो तो पतपेढीच्या अर्जावर; तेथे सही करणारा बिचारा स्वतःच अडकतो. बडोद्यात उलटे झाले. कर्ज फिटावे ही जबाबदारी अंगावर घेतलेल्याला जमाखर्च पाहण्याचा हक्क मिळाला. जमाखर्च पाहणारा खर्चाला हरकत घेऊ लागला आणि हळूहळू कारभारच त्याच्या संमतीने चालू लागला. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी मुलूखही तोडून द्यावा लागला. पुढे कर्जफेड होत नाही या कारणावरून १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी सयाजीराव दुसरे यांचे काही महाल जप्त केले. सावकारांशी तडजोड झाल्यावर, १८३२ च्या सुमारास ते सुटले.

यानंतर अर्धशतकाने, १८८१ मध्ये, कर्जबाजारी उस्मानी साम्राज्यात धनकोंच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले गेले आणि मीठ, मुद्रांक, मद्य यांवरील कर त्याच्या हाती गेले. तेथे धनको बहुतांशी युरोपातले होते. बडोद्यात धनको घरचेच होते. परका होता तो जामीनदार.

म्हणून कर्जाच्या आकड्यापेक्षा आम्हांला दुसरीच गोष्ट अधिक गंभीर वाटते. दरबार आणि पेढ्या एकाच शहरात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या. तरी एकमेकांच्या शब्दासाठी त्यांना तिसरा लागला. वर्गात बखर शिकवताना तिच्या शेजारी ही वहीही उघडून ठेवली पाहिजे.