पडद्यावरील कलाकाराचा वर्ण आणि डोळ्यांचा रंग संगणकावर कसा बदलतो?

चित्रीकरण संपल्यानंतर कलाकाराच्या त्वचेचा वा डोळ्यांचा रंग संगणकाच्या साहाय्याने बदलणे ही आता चित्रपटनिर्मितीतील नित्याची बाब झाली आहे. पूर्वी हे काम रंगभूषाकार आणि रंगीत लेन्स यांच्याकडेच असे. फिल्मच्या काळात रासायनिक प्रयोगशाळेत लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे प्रमाण कमीअधिक करता येत असे. परंतु तो बदल संपूर्ण चौकटीवर होई, केवळ चेहऱ्यावर नव्हे. १९६० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेसाठी हिरव्या वर्णाच्या स्त्रीपात्राची रंगभूषा चाचणी घेण्यात आली, तेव्हा प्रयोगशाळेने तो हिरवेपणा चूक समजून दूर केला. इकडे रंगभूषाकार अधिकाधिक गडद हिरवा रंग लावत राहिले, अशी नोंद आहे.

संपूर्ण चित्रपट अंकीय स्वरूपात आणून त्याचे रंग ठरविण्याची पद्धत २००० मधील ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाने रूढ केली. त्यात मिसिसिपीमधील हिरवीगार झाडी वाळक्या पिवळ्या छटेत बदलण्यात आली. भारतीय चित्रपटसृष्टीत ही प्रक्रिया ‘डीआय’ या नावाने ओळखली जाते.

त्वचेचा रंग बदलताना प्रथम ती चौकटीतील इतर घटकांपासून वेगळी करावी लागते. खरी अडचण येथेच आहे. रंग मोजणाऱ्या ‘वेक्टरस्कोप’ या उपकरणावर लाल व पिवळ्याच्या दरम्यान एक रेषा असते. माणूस गोरा असो वा काळासावळा, त्याची त्वचा साधारणपणे याच रेषेच्या आसपास आढळते. कारण रक्त आणि मेलॅनिन हे घटक सर्वांमध्ये समान असतात व फरक प्रामुख्याने उजळपणाचा असतो. त्यामुळे वर्ण थोडा उजळ किंवा गडद करणे फारसे कठीण नाही. तो निळा वा हिरवा करायचा झाल्यास मात्र लाकूड, वाळू, विटा, मातीच्या भिंती हेही त्याच छटेत येतात आणि केवळ रंगाच्या आधारे केलेल्या निवडीत तेही सापडतात. अशा वेळी चेहऱ्याभोवती मास्क आखून तो हालचालीबरोबर पुढे न्यावा लागतो. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने पाच सेकंदांच्या दृश्यातही १२० चौकटी तपासाव्या लागतात. ओठ, नखे, केसांच्या कडा आणि कपड्यांवर पडलेले त्वचेचे प्रतिबिंब यांचा विचार न केल्यास चेहरा रंगवलेल्या मुखवट्यासारखा दिसतो. मूळ चित्रीकरणाचा दर्जाही महत्त्वाचा ठरतो. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर दहा बिटच्या चित्रात १,०२४. मोबाइलवरील दाबून लहान केलेल्या चित्रफितीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी साठवलेली असल्याने कडा लगेच फाटतात.

डोळ्यांचे काम क्षेत्रफळाने लहान, पण अधिक नाजूक असते. बुबुळ रंगवताना मधली बाहुली काळीच राहावी लागते आणि डोळ्यातील प्रकाशाचा ठिपका पांढराच ठेवावा लागतो. तो रंगला की नजर निर्जीव होते. पापण्यांची उघडझाप प्रत्येक वेळी मास्क मोडते.

फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ मधील ‘ड्यून’ या कादंबरीतील वाळवंटवासी फ्रेमेन लोकांचे डोळे, पांढऱ्या भागासह, निळे असतात. २०२१ मधील चित्रपटात ते संगणकावर निळे करण्यात आले. २०२४ मधील दुसऱ्या भागात अशी दृश्ये बरीच वाढली. तेव्हा पहिल्या भागातील पूर्ण झालेल्या दृश्यांवर प्रशिक्षित केलेल्या यंत्रशिक्षण प्रणालीकडून डोळ्यांचे मास्क तयार करून घेण्यात आले. दोन्ही चित्रपटांना दृश्यपरिणामांसाठीचे ऑस्कर मिळाले. हे काम करणाऱ्या ‘डीएनईजी’ या कंपनीचे २०१४ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘प्राइम फोकस’च्या जागतिक शाखेशी विलीनीकरण झाले होते.

काल्पनिक लोकांचे निळे डोळे कोणाला खुपत नाहीत. सावळ्या अभिनेत्रीची त्वचा डीआयमध्ये हळूच उजळ करणे ही बाब निराळी आहे. ‘बाला’ (२०१९) मध्ये भूमी पेडणेकर यांचा वर्ण रंगभूषेने गडद केल्यावर टीका झाली, कारण तो बदल उघड दिसत होता. संगणकावरील बदल प्रेक्षकाला कळत नाही आणि कित्येकदा कलाकारालाही तो प्रदर्शनाच्या वेळीच दिसतो.

भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८ब कलाकाराला आपल्या प्रतिष्ठेस बाधक ठरणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार देते. परंतु निव्वळ तांत्रिक कारणासाठी केलेला बदल बाधक मानू नये, असे स्पष्टीकरणही त्याच कलमात आहे. वर्ण उजळणे हे तांत्रिक कारण म्हणता येईल का, हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. अमेरिकेत ११८ दिवसांच्या संपानंतर २०२३ मध्ये कलाकार संघटनेने केलेल्या करारात अंकीय फेरफारासाठी संमतीची अट आली. मात्र सौंदर्यविषयक दुरुस्त्या, वेशभूषा व दृश्यसातत्य यांसाठीचे बदल त्या अटीतून वगळण्यात आले आहेत.