काळा एकच नसतो : गॉथ वेशभूषेचा इतिहास

मुंबईत वाढलेल्या माणसाला 'गॉथिक' हा शब्द आधी दगडातून भेटतो. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्थानक, त्यांच्या टोकदार कमानी आणि भिंतींतून डोकावणारे चित्रविचित्र प्राणी. पुढे केव्हातरी लंडनच्या रस्त्यावरचे एखादे छायाचित्र पाहण्यात येते. नखशिखांत काळे कपडे, पांढराफटक चेहरा, ओठांना काळा रंग, आणि खाली ओळ असते 'गॉथ'. दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न पडतो. संबंध आहे, पण वळणावळणाचा. गॉथ ही रोमन साम्राज्याला जेरीस आणणारी जर्मानिक टोळी. पुनरुज्जीवनकाळातल्या इटालियन लेखकांनी मध्ययुगीन वास्तुकलेला रानटी ठरवण्यासाठी ते नाव शिवीसारखे वापरले. होरेस वॉलपोलने आपल्या 'कॅसल ऑफ ओट्रांटो' या कादंबरीच्या १७६५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असे छापले आणि पडके किल्ले, तळघरे, भुतेखेते या शब्दाच्या खाती जमा झाली. १९७०च्या दशकाअखेरीस इंग्रज संगीत-पत्रकारांनी तो काही उदासवाण्या बँडना चिकटवला. त्यांपैकी अनेकांनी तो आजन्म नाकारला. 'सिस्टर्स ऑफ मर्सी'चा अँड्र्यू एल्ड्रिच हा त्यातला सर्वांत चिडका.

नाव बाहेरच्यांनी द्यायचे आणि आतल्यांनी नाक मुरडत वापरायचे, हा प्रकार कपड्यांच्या बाबतीतही घडला. बाहेरून पाहणाऱ्याला गॉथ मंडळी गणवेशातली वाटतात. 'वेगळे दिसायचे म्हणून सगळे सारखे दिसतात' हा त्यांच्यावरचा नेहमीचा विनोद. आतल्या माणसाला मात्र पन्नास पावलांवरून कळते की समोरून येणारी व्यक्ती कोणते संगीत ऐकत असेल, कोणत्या दशकात या वर्तुळात शिरली असेल. हा भेद वाचता येणे वा न येणे ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही, म्हणून हा लेख.

आरंभ पंकपासून करावा लागतो. १९७६-७७च्या लंडनमध्ये फाटके कपडे, सेफ्टीपिना आणि कुत्र्याचे पट्टे यांची चलती होती. त्या गर्दीत 'द डॅम्ड'चा गायक डेव्ह व्हेनियन रक्तपिपासू उमरावाच्या वेषात वावरत असे. गायक होण्याआधी तो थडगी खणण्याचे काम करत होता, हे गॉथांच्या आवडत्या कथांपैकी एक, आणि ती खरीही आहे. सूझी सूने मूकपटांतल्या नायिकांच्या धर्तीवर डोळ्यांभोवती काजळाच्या जाड, कोनदार रेघा ओढल्या. उलट्या फणीने विंचरून फुगवलेले काळे केस, जाळीचे मोजे आणि ते डोळे हा साचा पुढे हजारो मुलींनी गिरवला. १९७९ साली 'बाउहाउस'चे बेला लुगोसीवरचे गाणे आले. लुगोसी हा १९३१च्या चित्रपटातला ड्रॅक्युला. त्याच वर्षी डिक हेब्डिज यांचे उपसंस्कृती आणि शैली यांवरचे गाजलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. पंकांच्या सेफ्टीपिनेचा अर्थ लावणाऱ्या त्या पुस्तकात गॉथ अर्थातच नाहीत. ते अजून कपाटापुढे उभे राहून काय घालावे याचा विचार करत होते म्हणा ना.

१९८२च्या जुलैत सोहोमध्ये 'बॅटकेव्ह' हा क्लब सुरू झाला. जागा होती गार्गॉइल क्लबची. गार्गॉइल म्हणजे गॉथिक इमारतींच्या पन्हाळीवरचे ते विचित्र प्राणी. हा निव्वळ योगायोग, पण सुरेख. बॅटकेव्हची जुनी छायाचित्रे पाहिली की पहिला धक्का बसतो तो रंगांचा. काळा आहेच, पण त्यासोबत ग्लॅम रॉकची चकाकी, गुलाबी-जांभळ्या पापण्या, कात्रीने फाडलेली बनियनवजा जाळी, दोन्ही बाजूंनी भादरून मधे उभे केलेले केस. 'स्पेसिमेन' या बँडचे पुरुष बायकांहून अधिक रंगरंगोटी करत. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये 'ख्रिश्चन डेथ' आणि त्यांच्या सोबत्यांनी डेथरॉक नावाचा समांतर प्रवाह उभा केला. त्यात पंकांचा उभा तुरा अधिक विस्कटलेला आणि क्रूस व जपमाळा अधिक खोडसाळ. हे सारे घरी शिवलेले, रंगवलेले, धर्मादाय संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून वेचलेले. थॅचरबाईंच्या काळातल्या बेकार तरुणाला परवडणारा हा शौक होता. काळ्या रंगात बुडवले की आजोबांचा कोट आणि आजीचा झगा एकाच घराण्याचे दिसू लागतात!

लंडनहून उत्तरेला, लीड्समध्ये, मामला निराळा होता. तिथला काळा कोरडा होता. एल्ड्रिचची रुंद काठाची हॅट, अंधाऱ्या रंगमंचावरही न काढलेला गॉगल, चामड्याचे जाकीट, आणि भोवती कृत्रिम धुके. यात पिशाच्चापेक्षा मोटारसायकलस्वार अधिक दिसतो. स्टीव्हनेजच्या 'फील्ड्स ऑफ द नेफिलिम'ने तर सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्न चित्रपटांतले लांब कोट उचलले आणि रस्त्याची धूळ भासावी म्हणून अंगावर चक्क पीठ भुरभुरवले. काळ्या कपड्यांवर पीठ उडवून मिरवणाऱ्यांना 'सगळे सारखेच' म्हणणाऱ्याचे मला नवल वाटते.

आज ज्याला लोक गॉथ वेष समजतात तो मखमल, लेस, कॉर्सेट आणि जमिनीवर लोळणारा घागरा हा प्रकार खरे तर नंतरचा. त्याला 'रोमँटिक' वा 'व्हिक्टोरियन' गॉथ म्हणतात. त्याची मुळे संगीतात नसून सुतकात आहेत. १४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट वारला आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१मध्ये मरेपर्यंत काळे उतरवले नाही. मध्यमवर्गाने तिचे अनुकरण केले. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तर १८४१पासूनच केवळ सुतकाच्या कपड्यांचे 'जेज' हे भव्य दुकान होते. विधवेने पहिले वर्षभर निस्तेज, सुरकुतलेला क्रेप वापरायचा. मग क्रेप कमी होत जाई. मग साधे काळे रेशीम. शेवटी करडा आणि फिकट जांभळा. चमचमते दागिने निषिद्ध, पण जेट चाले. म्हणजे त्या काळच्या माणसाला स्त्रीच्या कपड्यावरून तिचा नवरा जाऊन किती महिने झाले याचा अदमास येत असे. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसणाऱ्या आणि वैधव्य तांबड्या आलवणाने जाहीर करायला लावणाऱ्या आपल्या समाजाला हा रंग परका असला, तरी ही रीत परकी वाटू नये. वस्त्राने बाईची हकिगत चारचौघांत सांगून टाकायची, तिला न विचारता.

गॉथ मुलींनी हे वस्त्र उचलले आणि त्यातली सक्ती काढून घेतली. कोणी मेलेले नसताना सुतक पाळायचे, तेही नटूनथटून. वरवर हा पोरखेळ वाटतो, पण ज्या समाजाने मृत्यू रुग्णालयांत नि दफनसेवा पुरवणाऱ्यांच्या हवाली करून नजरेआड केला, त्या समाजात तो पुन्हा रस्त्यावर आणणे ही साधी गोष्ट नव्हे. या शैलीला चित्रपटांनीही हातभार लावला. कोपोलाच्या १९९२ सालच्या 'ड्रॅक्युला'तील वेशभूषेसाठी एइको इशिओका यांना ऑस्कर मिळाले, आणि त्या दशकात मखमलीला मागणी राहिली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी तर दोन्ही धागे एकत्र येतात. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युलाचे जहाज याच बंदरात येते, आणि सुतकातले जेटही याच किनाऱ्यावरचे. जेट म्हणजे ज्युरासिक काळातल्या, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, वृक्षांचे जीवाश्मरूप लाकूड. १९९४पासून तेथे गॉथांचे मेळावे भरू लागले आणि मरू घातलेल्या जेटच्या कारागिरीला नवे गिऱ्हाईक मिळाले.

आतून सारे गुण्यागोविंदाने चालले होते असे मात्र नव्हे. पॉल हॉडकिन्सन या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः गॉथ होता, २००२ सालच्या आपल्या पुस्तकात हे वर्तुळ आपले-परके कसे ठरवते ते बारकाईने नोंदवले आहे. डुन्या ब्रिल यांनी २००८मध्ये एक मार्मिक मुद्दा मांडला : पुरुषाने घागरा घातला, काजळ लावले तर गॉथ वर्तुळात त्याचा मान वाढतो, पण स्त्रीकडून मात्र अधिकाधिक स्त्रैण दिसण्याचीच अपेक्षा असते. कॉर्सेट अखेर कॉर्सेटच. शिवाय पांढऱ्या चेहऱ्याचा आदर्श. तो गोरेपणाचा नसून मृतवतपणाचा आहे हे खरे, तरीही कृष्णवर्णीय गॉथांना त्याच्याशी झगडावे लागलेच.

१९९०च्या उत्तरार्धात सायबरगॉथ आले आणि जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. काळ्यावर झगमगता हिरवा नि गुलाबी, केसांत कृत्रिम तंतूंच्या जाड वेण्या, कपाळावर वेल्डरचा असावा तसा गॉगल, पायांत केसाळ वेष्टणे. गिटार गेली, इलेक्ट्रॉनिक ठेका आला. स्मशानाऐवजी अणुयुद्धोत्तर कारखाना. जपानमध्ये तर वेष संगीतापासून जवळजवळ सुटाच झाला. 'मालिस मिझेर' या बँडचा वादक माना याने १९९९ साली स्वतःची वस्त्रपेढी काढली आणि 'एलेगंट गॉथिक लोलिता' व 'एलेगंट गॉथिक अ‍ॅरिस्टोक्रॅट' अशी दोन रीतसर नावे दिली. पहिलीत गुडघ्याशी घंटेसारखा फुललेला घागरा नि डोक्याला लेस. दुसरीत लांब, स्त्रीपुरुष भेद पुसणारे कोट. हाराजुकूच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या अशा मुलीने 'बाउहाउस'चे नावही ऐकलेले नसेल. ती गॉथ की नव्हे? माझ्या मते हा प्रश्न तिला लागूच होत नाही, पण यावर रात्र-रात्र वाद झडले आहेत.

भेद ओळखण्याचा उद्योग आतल्यांनीच केला असे नाही. पूर्व जर्मनीच्या गुप्तपोलिसांनी, म्हणजे स्टाझीने, १९८०च्या दशकात 'नकारात्मक-अवनत' तरुणांचा तक्ता तयार केला होता. पंक, स्किनहेड, हेवी मेटलवाले अशा रकान्यांत 'ग्रुफ्टी' हाही एक. ग्रुफ्ट म्हणजे दफनाचे तळघर, ग्रुफ्टी म्हणजे गॉथ. कोण कसा दिसतो आणि त्याचा राजकीय कल काय, याची शिस्तशीर नोंद. १९८८ साली पॉट्सडॅममधील बेल्व्हेदेअर या पडक्या वास्तूत काही तरुण जमले. भिंत पडल्यावर, १९९२पासून, लाइप्झिगला 'व्हेव्ह-गोटिक-ट्रेफेन' भरू लागले आणि आता पेन्टेकॉस्टच्या सुट्टीत तिथे वीसेक हजार लोक येतात. क्लारा झेट्किन उद्यानातल्या व्हिक्टोरियन सहलीत टोप्या आणि छत्र्या पाहायला गावकरी मुलाबाळांसह लोटतात.

याच्या उलट टोक म्हणजे मुळीच भेद न करणारी नजर. एप्रिल १९९९मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले. त्यांच्या लांब काळ्या कोटांवरून वृत्तपत्रांनी ते गॉथ असल्याचे छापले. ते नव्हते. पण त्यानंतर कित्येक शाळांत काळा कोट घालणारे मूल संशयित ठरले.

११ ऑगस्ट २००७च्या पहाटे लँकशरमधील बेकप गावच्या उद्यानात सोफी लँकेस्टर आणि तिच्या मित्रावर पोरांच्या टोळक्याने हल्ला केला. आधी त्याला लाथांनी तुडवले. त्याचे डोके मांडीवर घेऊन ती त्याला वाचवू पाहत होती, तेव्हा तिलाही. तो वाचला. ती तेरा दिवसांनी गेली. वय वीस. कारण इतकेच की ते दोघे निराळे दिसत होते. दोघांवर खुनाचा आणि तिघांवर गंभीर इजेचा गुन्हा शाबीत झाला, आणि न्यायाधीशांनी हा द्वेषमूलक गुन्हा असल्याचे म्हटले. तिची आई सिल्व्हिया यांनी तिच्या नावाने संस्था काढून शाळाशाळांतून पंधराएक वर्षे काम केले. २०२२मध्ये त्याही गेल्या. एप्रिल २०१३मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी वंश, धर्म, अपंगत्व इत्यादींच्या जोडीला उपसंस्कृतींवरील हल्ल्यांचीही द्वेषगुन्हे म्हणून नोंद सुरू केली. गॉथ, पंक, इमो, मेटलवाले. ही यादी वाचताना मला स्टाझीचा तक्ता आठवल्याशिवाय राहत नाही. रकाने जवळजवळ तेच, हेतू मात्र नेमका उलटा.

बचावलेल्या मित्राने २०१७ साली एका मुलाखतीत या साऱ्याला एक टाचणी लावली. 'गॉथ होते म्हणून मारले' हे फार सोपे उत्तर झाले, असे त्याचे म्हणणे होते; त्यामुळे लोक मारणाऱ्यांबद्दल बोलायचे सोडून मार खाणाऱ्यांच्या कपड्यांबद्दलच बोलत राहतात.