हृच्छूलाची दोन औषधे

इ. स. 1847 मध्ये ट्यूरिन येथे आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने जे नायट्रोग्लिसरीन सिद्ध केले, आणि ज्याचा अंशमात्र जिभेला लागताच मस्तक ठणकू लागते असे त्याला आढळले, त्याच द्रव्यापासून आल्फ्रेड नोबेलने पुढे डायनामाइट घडविले व त्याच द्रव्याने 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या वैद्याने हृच्छूलाच्या रोग्यांना आराम दिला. उतारवयात हृदयविकार जडला तेव्हा खुद्द नोबेललाही वैद्यांनी हेच औषध सांगितले.

या औषधाने रक्तवाहिन्या का सैल पडतात, हे कोडे मात्र शतकभर सुटले नाही. नायट्रोग्लिसरीनसारख्या नायट्रेटातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण होतो व तो वाहिन्यांच्या भित्तीत सायक्लिक जीएमपी या द्रव्याची वृद्धी करतो, ही उकल ज्या संशोधनातून झाली त्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराद यांना 1998 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी, 27 मार्च रोजी, सिल्डेनाफिल या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत विक्रीचा परवाना मिळाला होता.

हे दुसरे औषधही इंग्लंडमधील केंट परगण्यातील सँडविच येथे, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हृच्छूलाच्याच शोधात जन्मले होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. छातीच्या कळेवर ते फारसे चालले नाही. परंतु चाचणीतील पुरुषांनी शिश्नाच्या ताठरतेविषयी जे सांगितले, त्यावरून त्याचे भवितव्य पालटले व ते ताठरतेचे औषध म्हणून बाजारात आले. सायक्लिक जीएमपीचा नाश करणारे विकर ते रोखून धरते. म्हणून नायट्रेटाने जमा वाढविली आणि सिल्डेनाफिलने खर्च बंद केला, की रक्तदाब प्राणघातक वेगाने कोसळू शकतो. हा निषेध पहिल्या परवान्यापासूनच नमूद आहे. आज सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, आणि मागाहून आलेल्या त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर किमान 48 तास, नायट्रेट वर्ज्य.

आपल्याकडे सॉर्बिट्रेटची गोळी खिशात बाळगणारे वृद्ध घरोघरी आहेत, आणि तीही नायट्रेटच होय. वाजीकरण, म्हणजे कामशक्तिवर्धन, हे आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एक प्रतिष्ठित अंग. परंतु त्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत व गोळ्यांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले सापडले आहे, आणि तो अपराध मला अक्षम्य वाटतो, कारण ते घेणाऱ्याला आपण काय घेतले हेच ठाऊक नसते. ज्याला ठाऊक असते तोही मुलासुनेसमोर संकोचाने नाकबूल जातो. यास्तव छातीत कळ आलेल्या रोग्याला नायट्रेट देण्यापूर्वी आप्तांना क्षणभर बाहेर थांबवून, अशी कोणती गोळी किंवा चूर्ण घेतले होते काय व केव्हा, हे डॉक्टराने त्याला एकट्याला विचारले पाहिजे.