आतड्याचा निरोप

देहूच्या शेजारीं, इंद्रायणीच्या कांठीं तळवडे हें गांव आहे. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव आज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या व संगणकाच्या कचेऱ्यांच्या विस्तारांत सामावून गेलें आहे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं दिवस उगवतांच चूल पेटत असे, त्याच घरांतील मुलगा आतां रात्रपाळी आटोपून पहांटे जेवतो. अशा वस्तींतला चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ डॉक्टरांकडे जातो आणि सांगतो कीं, दोन घांस घेतले तोंच पोट भरल्यासारखें वाटतें, करपट ढेकर येतात, शौचास साफ होत नाहीं. रक्त तपासलें म्हणजे साखर वाढलेली निघते. मग सर्वांचें लक्ष साखरेकडे लागतें आणि पोटाची तक्रार मागें पडते. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, या प्रश्नाच्या शोधाचा इतिहास सव्वाशें वर्षांचा असून तो मोठा उद्बोधक आहे.

अन्न, मेद आणि मधुमेह यांची सांगड आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक नव्हती असें नाहीं. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन वर्ग केले: एक जन्मतःच येणारा व दुसरा अपथ्यानें जडणारा. पहिल्याचा रोगी कृश आणि दुसऱ्याचा स्थूल असतो, हें निरीक्षणही त्यानें नोंदून ठेवलें. बैठें सुख, फार झोंप, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांना चरकानें या रोगाच्या कारणांत गणलें. परंतु पोटांत पडलेल्या अन्नाची वार्ता शरीराच्या इतर भागांना कशी पोंचते, हें कोडें पुढें कित्येक शतकें सुटलें नाहीं.

तें सुटण्यास आरंभ झाला १९०२ च्या जानेवारींत, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत. आम्ल अन्न जठरांतून लहान आतड्यांत उतरलें कीं स्वादुपिंडाचा पाचक रस वाहूं लागतो, हें पूर्वींच माहीत होतें. ही आज्ञा मज्जातंतूंवाटे जाते, असा रशियांतील पाव्हलोव्ह यांच्या संप्रदायाचा सिद्धांत होता. बेलिस व स्टार्लिंग या दोघां शास्त्रज्ञांनीं बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे सर्व मज्जातंतू तोडून टाकले आणि त्या तुकड्यांत आम्ल सोडलें. तारा तोडल्या होत्या, तरी निरोप पोंचला! रस पूर्ववत् वाहूं लागला. मग त्यांनीं आतड्याचें अस्तर खरवडून, आम्लांत घोटून त्याचा गाळलेला अर्क त्या कुत्र्याच्या शिरेंत सोडला, तेव्हांही तोच परिणाम दिसला. निरोप्या रक्तांतून जात होता. त्याला ‘सिक्रेटिन’ असें नांव मिळालें. १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं अशा सर्व रासायनिक दूतांसाठीं ‘हॉर्मोन’ हा शब्द रूढ केला. मराठींत आपण त्यांना संप्रेरकें म्हणतों. ज्ञात झालेलें हें पहिलें संप्रेरक आतड्यांत सांपडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९०६ सालीं, लिव्हरपूल येथें मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेही रोग्यांना पाजून पाहिला. कल्पना धाडसाची होती, परंतु साधन अपुरें होतें. त्यानंतर १९२२ च्या जानेवारींत टोरांटोमध्यें एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोंचण्यांत आलें आणि मधुमेहाच्या इतिहासाचें पानच उलटलें. सर्वांचे डोळे स्वादुपिंडाकडे वळले, आतडें विस्मृतींत गेलें. १९३२ मध्यें बेल्जियमच्या ला बार यांनीं, आतड्यांतून निघून इन्शुलिनला चालना देणाऱ्या द्रव्यास ‘इन्क्रिटिन’ असें नांव दिलें खरें, पण तें सिद्ध करून दाखविण्याजोगें मोजमाप त्या काळीं उपलब्ध नव्हतें.

रक्तांतील अतिसूक्ष्म इन्शुलिन मोजण्याची युक्ति यालो आणि बर्सन यांनीं शोधल्यावर तो प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९६४ सालीं असें दिसून आलें कीं, साखर शिरेंतून दिली तर जितकें इन्शुलिन स्रवतें, त्याहून पुष्कळ अधिक तीच साखर तोंडावाटे दिल्यानें स्रवतें. घांस रक्ताला मिळण्यापूर्वींच आतडें स्वादुपिंडाला सावध करतें, असाच याचा अर्थ. या निरोप्यांपैकीं प्रमुख दोन पुढें हातीं लागले. एक जीआयपी व दुसरा जीएलपी-१. पहिला मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागांत आणि दुसरा खालच्या भागांत व मोठ्या आतड्यांत तयार होतो. जीएलपी-१ केवळ इन्शुलिन वाढवून थांबत नाहीं. तो जठर रिकामें होण्याचा वेग मंदावतो आणि मेंदूला ‘आतां पुरे’ असें कळवितो. प्रौढपणीं येणाऱ्या मधुमेहांत हा एकंदर निरोप क्षीण झालेला असतो, हें १९८६ सालीं जर्मनींतील नाउक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें.

भुकेलाही स्वतंत्र दूत आहे. १९९९ मध्यें जपानी संशोधकांनीं जठरांत ‘घ्रेलिन’ शोधून काढलें. पोट रिकामें झालें कीं तें वाढतें आणि जेवल्यावर उतरतें. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका अभ्यासांत स्थूल माणसांनीं दहा आठवडे अल्पाहार करून वजन उतरविलें. एक वर्षानंतर तपासतां त्यांचें घ्रेलिन चढलेलेंच होतें आणि तृप्तीचीं कांहीं संप्रेरकें उतरलेलींच होतीं. लठ्ठ माणसाला ‘जिभेवर ताबा नाहीं’ म्हणून हिणविणाऱ्यांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा. त्याचें शरीरच त्याला ताटाकडे ओढीत असतें.

पण लठ्ठ म्हणावें तरी कोणाला? या प्रश्नाचें मार्मिक उत्तर पुण्यांतून मिळालें आहे. केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासांतही हेंच आढळलें कीं, तेथील नवजात बालकें इंग्रज बालकांहून पुष्कळ हलकीं असलीं, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानें कमी नव्हती. तेव्हां तळवड्याच्या त्या गृहस्थाचा सदरा सैल आहे, एवढ्यावरून त्याचें शरीर निर्धोक समजणें चुकीचें ठरेल.

आतां त्याच्या पोटाच्या तक्रारीकडे वळूं. मधुमेह दीर्घकाळ टिकला म्हणजे जठराला चालविणारे मज्जातंतू दुबळे होऊं शकतात आणि अन्न तासन्‌तास तसेंच पडून राहतें. १९५८ सालीं अमेरिकेंतील कॅसेंडर यांनीं या विकाराला नांव दिलें. हा केवळ अस्वस्थतेचा प्रश्न नव्हे. रोग्यानें ठरल्या वेळीं इन्शुलिन टोंचून घ्यावें, जेवणही घ्यावें, पण अन्न जठरांतच अडकून रहावें. मग रक्तांतील साखर एकाएकीं घसरते आणि कांहीं तासांनीं अन्न उतरलें कीं भलतीच चढते. ज्याची साखर अशी कारणावांचून हेलकावे खाते, त्याच्या पोटाची हकीकत ऐकून घेतलीच पाहिजे. साध्याशा ढेकरेच्या तक्रारीमागें जिवावरचा प्रसंगही दडलेला असूं शकतो.

या इतिहासाचें शेवटचें प्रकरण एका सरड्यापासून सुरू होतें. जीएलपी-१ रक्तांत दोनचार मिनिटांतच नष्ट होतो. त्यामुळें औषध म्हणून तो जसाच्या तसा निरुपयोगी. १९९२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटांतील ‘हीला’ नांवाच्या विषारी सरड्याच्या विषांत तसेंच काम करणारें, परंतु टिकाऊ द्रव्य सांपडलें. त्यावरून घडविलेलें औषध २००५ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. पुढें सेमाग्लुटाइड आलें. जीआयपी व जीएलपी-१ या दोन्ही निरोप्यांचें काम करणारें टिर्झेपेटाइड २०२५ च्या मार्चमध्यें भारतांतही मिळूं लागलें. हीं औषधें साखर उतरवितात, वजनही उतरवितात. पण मळमळ, वांती, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांना, विशेषतः मात्रा वाढवितांना, होतात. त्यांत आश्चर्य नाहीं. जठराला सावकाश चाल म्हणून सांगणें, हेंच मुळीं त्या निरोपाचें काम. म्हणूनच ज्याचें जठर आधींच मंदावलें आहे, त्यानें तें डॉक्टरांना अगोदर सांगावें, आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्यालाही या औषधाची कल्पना द्यावी.

१९०२ सालीं लंडनच्या त्या प्रयोगांत मज्जातंतू तुटले असतांही आतडें बोलत राहिलें. तळवड्याच्या त्या गृहस्थाचें आतडेंही बोलतच आहे. साखरेचा आंकडा कागदावर लिहिण्यापूर्वीं डॉक्टरांनीं त्याला पोटाविषयीं चार प्रश्न विचारावेत, आणि त्यानेंही संकोच न धरतां त्यांचीं खरीं उत्तरें द्यावींत.