चित्रचौकटीचे प्रमाण : एक दुर्लक्षित साधन

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, तेव्हा मूकपटाच्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.३३ पट असे. पुढे ध्वनिपट्टीने फिल्मची एक कड व्यापल्यामुळे चौकट जवळजवळ चौरस झाली. १९३२ मध्ये हॉलिवूडच्या अकादमीने उंचीही घटवून १.३७ हे प्रमाण रूढ केले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) त्याच घाटाचा होय. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ने (१९५९) भारतात सिनेमास्कोप आणला. त्यात विशिष्ट भिंगाने दृश्य आडवे दाबून चित्रित करीत व प्रक्षेपणात तितकेच पसरवीत.

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले. खाडीपलीकडे सिडकोच्या नव्या मुंबईची उभारणीही त्याच दशकातली. घरोघरीच्या त्या ४:३ पडद्यावर सिनेमास्कोपचे चित्र काठोकाठ भरले, की दोन पंचमांशांहून अधिक रुंदी कापली जाई. व्ही. के. मूर्ती यांनी टिपलेली रिकाम्या स्टुडिओची पोकळी, जी त्या चित्रपटाचा प्राण आहे, तीच मग आक्रसे.

आजच्या १६:९ पडद्यावर दोष उलटा घडतो. ‘संत तुकाराम’ ताणून बसविला, तर विष्णुपंत पागनीसांची कृश मूर्ती सुमारे तीन दशांशांनी रुंद होते; अभिनयाची चिकित्सा करणाऱ्याने अशी प्रत प्रमाण मानणे धोक्याचे. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर त्याने सुमारे १४८० बिंदूंचीच रुंदी व्यापावी. दोहों बाजूंच्या काळ्या पट्ट्या कित्येकांना उगाच खटकतात.